मेशमध्ये पत्ता देतं कोण आणि किल्ली कोणाकडे असते?

ट्रेकिंग ग्रुपसाठी लोरा (कमी विजेत लांब पोचणारा रेडिओ) बोर्ड घेताय आणि तुमचे प्रश्न दोन आहेत: मेशमध्ये, म्हणजे एकमेकांचे संदेश पुढे ढकलणाऱ्या बोर्डांच्या जाळ्यात, मध्ये सर्व्हरच नसेल तर नोडला (एकेका बोर्डाला) पत्ता देतं कोण, आणि संदेश पुढे ढकलणारे मधले नोड तो वाचू शकतात का. उत्तर एकत्रच देतो, कारण पत्ता एकीकडून आणि किल्ली (संदेश झाकायचा-उघडायचा गुप्त आकडा) दुसरीकडून आली की तिथेच घोळ सुरू होतो.

मेशटॅस्टिक या लोरा बोर्डांवरच्या मेश सॉफ्टवेअरमध्ये नोडचा क्रमांक, म्हणजेच त्याचा पत्ता, 32 बिटांचा असतो आणि तो बोर्डाच्या मॅक पत्त्याच्या (हार्डवेअरच्या मूळ क्रमांकाच्या) शेवटच्या चार बाइट्सवरून ठरतो. कोणाला विचारावं लागत नाही. शे-दोनशे नोडांत दोघांचा क्रमांक योगायोगाने एक निघेल, ही भीती सोडून द्या. पण हा क्रमांक म्हणजे नुसता दावा आहे. फर्मवेअरमध्ये (बोर्डातल्या सॉफ्टवेअरमध्ये) हात घालणारा कोणीही तुमचा क्रमांक लावून बोलू शकतो.

चॅनलची (ग्रुपच्या सामायिक संदेशांची) किल्ली सगळ्यांची मिळून एकच. मूळ सेटिंगमधली तर जगजाहीर आहे. ती तशीच ठेवलीत तर एन्क्रिप्शन फक्त नावाला. स्वतःची 256 बिटांची किल्ली टाकली की बाहेरचे वाचू शकत नाहीत, पण ग्रुपमधला कोणीही दुसऱ्याच्या नावाने लिहू शकतो. चॅनलवर एईएस हे एन्क्रिप्शन सीटीआर पद्धतीने वापरतात, ते मजकूर फक्त झाकतं. संदेश खरंच त्या नोडचा आहे का, वाटेत बदलला का, हे त्यातून कळत नाही. मधल्या नोडचं म्हणाल तर त्याला पॅकेट पुढे पाठवायला किल्ली लागतच नाही. पाठवणारा, घेणारा आणि किती उड्या उरल्या हे हेडरमध्ये (पॅकेटच्या सुरुवातीच्या भागात) उघडंच असतं. म्हणजे मजकूर झाकला तरी कोण कोणाशी बोलतंय हे दिसतं.

थेट संदेशांना 2024 च्या 2.5 आवृत्तीपासून प्रत्येक नोडची स्वतःची किल्लीजोडी (एक सार्वजनिक, एक खाजगी) मिळाली. त्याआधी तेही चॅनलच्याच किल्लीने जात, आणि लोक खुशाल त्यांना खाजगी म्हणत! पुढे 2025 मध्ये उघड झालं, की काही विक्रेत्यांनी एकाच इमेजवरून (फर्मवेअरच्या तयार प्रतीवरून) बोर्ड भरल्यामुळे वेगवेगळ्या बोर्डांत एकच किल्लीजोडी गेली होती. आवृत्ती 2.6.11 पासून किल्ल्या पहिल्यांदा प्रदेश निवडताना तयार होतात. तेव्हा फर्मवेअर घालून आलेला बोर्ड आधी पूर्ण पुसा, नवी आवृत्ती भरा, मगच वापरा.

रेटिक्युलम या दुसऱ्या मेश प्रणालीने हा गुंता मुळातच टाळलाय, आणि मला ती रचना जास्त पटते. तिथे पत्ता सार्वजनिक किल्लीवरूनच निघतो: किल्ली आणि अ‍ॅपचं नाव यांचा 16 बाइटांचा हॅश (गणिताने काढलेला ठसा). नोड आपली घोषणा (पत्ता आणि सार्वजनिक किल्ली कळवणारं पॅकेट) सही करून पाठवतो. ऐकणारा हॅश स्वतः काढून ताडून बघतो. खाजगी किल्ली नसलेल्याला तुमचा पत्ता लावून बसता येत नाही. पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ताच नसतो, आणि मधल्या नोडला पुढचा टप्पा तेवढा ठाऊक. दोघांत लिंक जुळताना दर वेळी नव्या तात्पुरत्या किल्ल्या बनतात, म्हणून पुढे कधी मूळ किल्ली चोरीला गेली तरी जुनं संभाषण उघडत नाही.

हे फुकट मिळत नाही. एक घोषणा 167 बाइटांची. सेकंदाला जेमतेम हजार बिट जाणाऱ्या लोरावर तेवढ्यालाच सव्वा सेकंदाहून जास्त वेळ जातो, म्हणून घोषणांना मुळात बँडविड्थच्या 2 टक्क्यांचीच मर्यादा घातलेली असते. शिवाय 32 आकडी-अक्षरी पत्ता कोणाच्या लक्षात राहणार? तो अमक्याचाच आहे हे गणित सांगत नाही. पहिल्यांदा समोरासमोर क्यूआर स्कॅन करून घ्यावंच लागतं.

तुमच्या ग्रुपला मेशटॅस्टिक पुरेल. प्रदेश भारत निवडा, म्हणजे 865 ते 867 मेगाहर्ट्झचा परवानामुक्त पट्टा लागेल. चॅनलला स्वतःची किल्ली द्या आणि ती मोठ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. तुमच्यात कोणी हॅम (परवाना असलेला हौशी रेडिओचालक) असेल तर त्याने हौसेने परवानाधारक मोड चालू करू नये. त्या मोडमध्ये एन्क्रिप्शन बंद होतं, कारण हॅम पट्ट्यांवर सांकेतिक बोलायला मनाई आहे.