वाचक विचारतात : छोट्या बागेवाल्याची वाइन ओळखायची कशी?

प्रश्न : मुलगा फ्रँकफर्टजवळ नोकरीला आहे, दिवाळीत इंदूरला येतोय. बाबा काय आणू विचारतो. इथल्या दुकानातल्या त्याच त्या दोन-तीन लेबलांचा कंटाळा आलाय. काहीतरी वेगळं, एखाद्या छोट्या शेतकऱ्यानं स्वतः केलेलं असं सांगायचंय, पण नेमकं काय सांगू? मोठ्या दुकानात शिरला की तो सोनेरी मेडलवाली बाटली उचलतो. (सुदामा नगर)

उत्तर : काका, पहिलं म्हणजे त्याला मेडल बघू नको म्हणावं. बहुतेक स्पर्धांत वाइन पाठवायची तर फी भरावी लागते, चार पिंप करणारा माणूस त्या भानगडीत पडतच नाही बऱ्याचदा. बघायचं ते बाटली कोणी भरली ते, आणि जर्मन लोकांनी त्याची मस्त सोय करून ठेवलीये. लेबलवर बारीक अक्षरात 'गुट्सआबफ्युलुंग' लिहिलेलं असेल तर द्राक्षं त्याच्याच बागेतली, वाइन त्यानंच केली आणि बाटलीतही त्यानंच भरली. 'एर्त्सॉयगरआबफ्युलुंग' असेल तर तेही चांगलंच, पण तो शब्द शेतकऱ्यांची सहकारी संस्थाही लावू शकते. नुसतंच 'आबफ्युलर' आणि पुढे कंपनीचं नाव असेल तर वाइन बाहेरून घेऊन भरलेली असू शकते. हे तीन शब्द त्याला व्हॉट्सॅपवर टाकून ठेवा, उच्चार चुकला तरी चालेल, वाचता आलं म्हणजे झालं.

आता कुठली आणायची, तर माझं मत मोझेल नदीच्या काठची रीसलिंग, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन. फ्रँकफर्टहून गाडीने दोनेक तासांवर आहे, रविवारी जाऊन येईल पोरगं. तिथले उतार इतके उभे की कामाचं सामान वर चढवायला एका रुळावरची छोटी गाडी लावतात, मशीन चालत नाही म्हणून तोडणी हातानंच, आणि खाली माती कमी, दगडच जास्त. दगड कुठला? आपण पहिलीत ज्या पाटीवर अ आ इ गिरवलं ना, त्याच जातीचा. दिवसभर ऊन पिऊन घेतो आणि रात्री वेलींना परत देतो, म्हणून एवढ्या थंड मुलखात द्राक्ष पिकतं.

त्यातली 'काबिनेट', म्हणजे हलकी जात, सांगा, पण पुढे 'ट्रोकन' लिहिलेली नको, ती कोरडी. साध्या काबिनेटमध्ये अल्कोहोल ८-९ टक्के, थोडी गोड, आणि त्या गोडाच्या पाठोपाठ लिंबासारखा आंबटपणा येतो. आपल्याकडे काय होतं, लोक तिखटाबरोबर रेड घेतात आणि तोंड पेटलं की वाइनला नावं ठेवतात. रेडमधलं टॅनिन, म्हणजे चहा जास्त उकळला की जीभ कोरडी खरखरीत होते ना तेच, मिरचीला आणखी चेतवतं. सराफ्यातली तिखट साबूदाणा खिचडी घरी आणा, वरून जिरावण मसाला मारा आणि ही रीसलिंग गार करून घ्या, मग मला सांगा.

आणि एक गंमत. कस्टम्सला एका प्रवाशाला २ लिटरपर्यंत दारू ड्यूटी न भरता आणता येते. ७५० मिलीच्या दोन बाटल्या झाल्या की अर्धा लिटर वाया. पण पोरगं फ्रान्सच्या झुरा भागात गेलं तर तिथली 'वँ झोन' नावाची पिवळी वाइन ६२० मिलीच्याच बुटक्या बाटलीत येते, तर एक मोझेल आणि दोन झुरा म्हणजे १९९० मिली, बरोब्बर बसतं! ही वाइन पिंपात कमीत कमी ६ वर्षं ३ महिने पडून असते, उडून कमी होते तरी वरून भरत नाहीत, वर यीस्टची साय धरते. वास अक्रोडाचा. महाग असते आणि घरातल्या निम्म्या लोकांना आवडणार नाही हे आधीच सांगतो, तेव्हा काकूंना विचारून मागवा.

प्रश्न : परदेशातून आणणारं आमचं कोणी नाही. भारतात अशा छोट्या, वेगळ्या वाइन आहेत का? (रामबाग)

उत्तर : आहेत ना ताई, आणि तुमच्याच रस्त्यावर आहेत. आपला आग्रा-मुंबईचा एबी रोड सेंधवा, धुळे करत सरळ नाशिकलाच जातो. नाशिकच्या वाइनला २०१० साली जीआय, म्हणजे 'त्याच भागाचा माल' अशी सरकारी ओळख, मिळालं. निफाडकडे रेव्हिलो वायनरी आहे, त्यांनी इटलीतल्या सिसिलीची ग्रिलो आणि नेरो दाव्होला ही द्राक्षं आपल्या मातीत लावली, असलं धाडस मोठी कंपनी सहसा करत नाही. इगतपुरीजवळ व्हॅलोने, आकारानं लहान. दक्षिणेकडे हंपीजवळ क्रस्मा, कॅबरने नावाच्या रेडसाठी लोक शोधत जातात. यॉर्कही एका घरचं काम होतं, २०२१ मध्ये सुला या मोठ्या कंपनीनं घेतलं, त्यामुळे नाव जुनं म्हणून मालक जुनाच असं धरून चालू नका, मागचं लेबल वाचा.

जायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत जा. युरोपात तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला, आपल्याकडे पावसाळ्यात द्राक्ष सडेल म्हणून वेलीची वर्षातून दोनदा छाटणी करतात आणि पीक हिवाळ्याच्या शेवटी घेतात. तेव्हा गेलात तर वाइन करणारा माणूस स्वतः भेटतो, हात जांभळे असतात. त्याला एवढंच विचारा की तुझी सगळ्यात कमी विकली जाणारी कुठली, ती चाखायला दे. मला माझी आवडती शेनँ ब्लाँ ही पांढरी वाइन अशीच सापडली. येताना बाटल्या आणायच्या तर दोन्ही राज्यांचे एक्साइजचे नियम आधी विचारून घ्या, सीमेवरच्या बिजासन घाटात थांबून वाद घालण्यात मजा नाही.

प्रश्न : भेट मिळालेली चांगली रेड उघडली तर मनुका शिजवल्यासारखी लागली. फसवलं का कोणी? (महू)

उत्तर : नाही हो, फसवलं असेल तर उन्हानं. माझंही झालंय, मे महिन्यात दुपारच्या लग्नाला गेलो, बाटली डिकीत राहिली, तीन तासांनी बघतो तर बूच वर आलेलं आणि कडेनं चिकट ओघळ. ती शेवटी कांदा परतताना ओतली. दुकानात घेतानाही बघा, बूच वर आलेलं वाटलं किंवा बाटली उन्हाच्या काचेत ठेवलेली असली तर ती घेऊ नका, कितीही डिस्काउंट देवो.

आणि 'रेड रूम टेम्परेचरला प्या' हे ज्यांनी सांगितलं त्यांची रूम १६-१८ डिग्रीची होती, आपली मेमध्ये ३५ ची. उघडायच्या आधी थोडी गार होईपर्यंत फ्रिजमध्ये टाका. उरली तर बूच लावून परत फ्रिजमध्येच, दह्याच्या पातेल्यामागे उभी, आणि तीन-चार दिवसांत संपवा.