बाईकच्या फ्रेमला पावडर कोटिंग करायचंय. जुना रंग घासून त्यावरच केलं तर चालेल का?

नाही, जुना रंग पूर्ण काढून फ्रेम उघड्या लोखंडापर्यंत आणावीच लागते. पावडर स्थिर विजेच्या भाराने धातूला चिकटते आणि भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांना वितळून पक्की होते. खाली जुना रंग असेल तर तो त्या उष्णतेत फुगतो आणि नवा थर घेऊन सुटतो. नेहमीची पुट्टीही तिथे टिकत नाही, त्यामुळे पोचे आणि वेल्डिंगची कामं आधीच उरका. ब्लास्टिंग (दाबाच्या हवेने वाळू मारून जुना रंग काढणं) झाल्यावर फ्रेमला उघड्या हातांनी शिवू नका आणि त्याच दिवशी कोटिंग होईल असं बघा, दमट हवेत काही तासांत तांबूस गंज धरतो. पाइपांच्या आतलं तेल आणि अडकलेली वाळूही काढायला हवी. ते तेल भट्टीत तापून जोडाच्या फटीतून ओघळतं आणि नेमकं तिथेच कोटिंगला खड्डे पडतात.

कोटिंग लागू नये म्हणून झाकायचं काय, हे दुकानावर सोडू नका, स्वतः दाखवा:
- सगळे आटे
- कोनसेट (हँडलच्या मानेतली बेअरिंगं) आणि स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणारा दांडा) बुशच्या जागा (कप, बुश, रबर आधीच काढलेले)
- इंजिन बसतं ते पृष्ठभाग, अर्थिंगचा बोल्ट
- चेसिस नंबर

थर ६० ते १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. वाचायला किरकोळ वाटतं, पण बेअरिंगच्या जागी तेवढ्यानेच कप बसत नाही.

एक मात्र आहे: फ्रेमला तडा असेल तर कोटिंग तो झाकेल, सांधणार नाही. ब्लास्टिंगनंतर वेल्डचे जोड उजेडात नीट तपासा.