आईच्या बाथरूमात गरम फरशी: 58 हजारांचा हिशोब

दादा, तुमचा प्रश्न वाचला. कसबा बावड्यात तळमजल्याचं घर, बाथरूमचं काम काढलंय, आईंचं वय 74, थंडीत सकाळी फरशी गार लागते म्हणून त्या नुसत्या टाचांवर चालत नळाला धरून उभ्या राहतात, म्हणून टाइल्सखाली हीटिंग मॅट, म्हणजे विजेवर तापणाऱ्या वायरची पातळ चटई, टाकायचीय. कोटेशन 58 हजार, पैसे होम लोनच्या टॉप-अपमधून, म्हणजे चालू कर्जावरच वाढीव कर्ज काढून. एफडी 3 लाख, घरखर्च महिन्याला 45 हजार.

लाइटबिलाची काळजी सोडा. मॅट चौरस मीटरला साधारण 150 वॅट घेते, कमोडखाली टाकत नाहीत, त्यामुळं 5 बाय 8 फुटांच्या बाथरूमात अडीच चौरस मीटर धरले तर 375 वॅट, सकाळी 2 तास चालली तर पाऊण युनिट, युनिटला 10 रुपये धरले तरी रोजचे साडेसात. 2 किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला तर याच्यापेक्षा जास्त खातो.

पैसा जातो तो बसवतानाच. आपल्याकडं गारठा धरा डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य, म्हणजे 75 सकाळी, 10 वर्षांत 750. एका सकाळचे 77 रुपये झाले. आईसाठी 77 रुपये जास्त आहेत असं मी अजिबात म्हणणार नाही. पण 9 टक्क्यांनी 10 वर्षांचं लोन घेतलं तर ईएमआय 735, एकूण 88 हजार, आणि तीच सकाळ 117 ला पडते. टॉप-अप नको. एफडीतले 2 लाख 70 हजार तर सहा महिन्यांचा घरखर्च आहे, ते मोडायचे नाहीत, म्हणजे हातात उरतात 30 हजार.

ते 30 कुठं घालायचे? आधी वॉटरप्रूफिंग. आमच्या घरी गवंड्यानं घाई केली आणि आम्ही पण पाणी भरून बघितलं नाही, दुसऱ्या पावसाळ्यात शेजारच्या खोलीच्या भिंतीला पोपडे आले, सगळी फरशी परत फोडली. टाइल्स बसवायच्या आधी पाणी जायची जाळी बंद करून 24 तास पाणी तुंबवून ठेवा, खडूनं पातळीची रेघ मारा, दुसऱ्या दिवशी स्वतः बघा. मग खरबरीत अँटी-स्किड टाइल्स, कमोडशेजारी आणि नळाजवळ भिंतीत पक्के बसवलेले स्टीलचे हँडल, कारण आई आज नळाला धरतात आणि नळ माणसाचं वजन पेलण्यासाठी नसतो हो, ही गोष्ट वाचून मला गारठ्यापेक्षा जास्त भीती वाटली. पायाखाली सध्या जाड रबरी मॅट टाका, रबर टाइलइतकं गार लागत नाही.

आत्ता नाही केलं तर परत फरशी फोडावी लागेल असं कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, ते अर्धंच खरं आहे. मॅट 3-4 मिलिमीटरची असते, जुन्या टाइल्सवर टाकून वर नवी टाइल बसवता येते, फक्त फरशी वर येते. म्हणून आत्ता फरशी उंबऱ्यापासून जादा खाली ठेवा, मॅट, तिच्याखालचा बोर्ड आणि नवी टाइल मावेल इतकी, जाळीची उंची वाढवता येईल असं बघा आणि स्विचबोर्डपासून फरशीपर्यंत पुढं वायर ओढायला रिकामा पाइप सोडा.

दोन वर्षांत बाजूला पैसे जमले तर खुशाल बसवा. तळमजला आहे, खाली इन्सुलेशन बोर्ड पाहिजेच, नाहीतर उष्णता जमिनीत जाते. लाइनला 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, लावून घ्या. मॅटचा ओहम, म्हणजे वायरचा विद्युत रोध, टाइल्सच्या आधी आणि नंतर मीटरनं मोजायला लावा, लेबलवरच्या आकड्याशी जुळला की मगच शेवटचा हप्ता द्या.