जिवंत उंदराची सवय असलेल्या बॉल पायथनला गोठवलेला उंदीर कसा खायला लावावा?

तुमचा साप वितळवलेल्या उंदराकडे ढुंकूनही बघत नाही, यात बहुतेक वेळा दोष तापमानाचा असतो. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात; थंडगार उंदीर त्याला भक्ष्य वाटतच नाही.

उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्या. मग बंद पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवा, बाहेरून साधारण 38 ते 40 अंश सेल्सिअस होईपर्यंत. मायक्रोवेव्ह अजिबात नको. आतून तो शिजतो, कधी फुटतोही. पोट दाबून पाहा, आत गार गोळा लागला तर अजून थांबा. नंतर कोरडा पुसा, डोकं थोडं जास्त गरम करा आणि संध्याकाळी, दिवा मंद करून, लांब चिमट्याने शेपटीच्या बाजूला धरून हळूहळू हलवा. थेट तोंडावर नेऊ नका, साप बिचकतो.

नाही घेतला तर त्याच्या लपायच्या जागेच्या तोंडाशी रात्रभर ठेवा आणि खोलीतून निघून जा. सकाळी उरला तर फेकून द्या, पुन्हा गोठवू नका. पुढचा प्रयत्न आठवड्याने. रोज रोज समोर नाचवलं तर तो आणखी बिथरतो. निरोगी मोठा साप काही आठवडे उपाशी राहिला तरी बिघडत नाही. पिल्लू असेल किंवा वजन उतरू लागलं तर मात्र सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर गाठा.

चिकाटी सोडू नका. कारण कोंडीत सापडलेला जिवंत उंदीर सापाला कुरतडून खोल जखमा करतो, डोळाही जाऊ शकतो.