माफी कुठे मागावी?

प्रश्न : बडोद्यातील मकरपुरा भागात यंत्रांचे सुटे भाग घडवणाऱ्या एका कारखान्यात मी सहा महिन्यांपूर्वी शिफ्टचा सुपरवायझर झालो. ज्या एका गुजराती कारागिरांकडून मी लेथ (धातू कातण्याचे यंत्र) शिकलो, तेच आता माझ्या हाताखाली आहेत. दर दहाव्या जॉबचे, म्हणजे घडवलेल्या भागाचे, माप घेऊन लगेच कागदावर नोंदवायचे, असा नियम मी केला. ते मात्र सगळे आकडे शिफ्ट संपताना एकदम भरतात. गेल्या महिन्यात मी त्यांना सर्वांसमोर बोललो. तेव्हापासून ते कामापुरतेच बोलतात आणि बाकीचेही मला पाहून गप्प होतात. काय करावे?
– एक वाचक, बडोदे

उत्तर : नोंदीचा कागद आणि तुमचे बोलणे ही दोन प्रकरणे आधी वेगळी करा, कारण पहिल्यात तुमचे म्हणणे बरोबर आहे आणि दुसऱ्यात नाही. अपमान चारचौघांत झाला असेल, तर माफी केबिनमध्ये बोलावून, चहा पाजून मागता येत नाही. ज्यांनी तो ऐकला त्यांच्यासमोरच, शिफ्टच्या सुरुवातीला, दोन वाक्यांत मागावी. 'माझे चुकले' याच्यामागे 'पण' आला की सगळे मुसळ केरात, म्हणून त्या दिवशी कागदाचा विषय काढूच नका.

तो काढावा तीन-चार दिवसांनी, त्यांच्या लेथपाशी उभे राहून, आणि तोही प्रश्न म्हणून. टूल, म्हणजे धातू कापणारे हत्यार, हळूहळू झिजते, तसे माप सरकत जाते आणि शिफ्टअखेर भरलेल्या आकड्यांतून ते उमगेपर्यंत माल बिघडून गेलेला असतो, हे बहुधा त्यांनीच तुम्हाला शिकवले असेल. मग ते वेळेवर लिहीत का नाहीत? हात कूलंटने (कापताना थंडावा देणाऱ्या द्रवाने) ओले असतील, कागद दूर टांगलेला असेल, रकाने इंग्रजीत असतील. किंवा तो कागद म्हणजे आपल्या हातावरचा अविश्वास, असे त्यांना वाटत असेल. माझा कल शेवटच्या कारणाकडे आहे. तरीही तुमच्या पत्रात त्यांच्या तोंडचे एकही वाक्य नाही, हे मला सर्वांत अधिक खटकले.

नियम एका दिवसात सगळ्या शिफ्टला लावण्याची घाईही नडली असावी. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये आधी अमरेली भागात केला आणि १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू केले. ज्यांचा शब्द हाच हुकूम होता त्यांनी तेरा वर्षे घेतली. तुम्ही पंधरा दिवस घ्या, केवळ त्यांच्याच लेथवर, त्यांनी सुचवलेल्या रकान्यांचा कागद वापरून.

एक बारीक गोष्ट भाषेची. बडोद्यातला मराठी माणूस गुजराती सहज बोलतो. पण तो चिडला की नावामागचा 'भाई' गळतो आणि 'करजो'च्या जागी कोरडे 'करो' येते. ऐकणाऱ्याच्या कानाला तो फरक लगेच लागतो.

एवढे करूनही आकडे शिफ्टअखेरीसच भरले गेले, तर त्यांना एकट्यांना गाठून स्पष्ट सांगा की कागदाचे स्वरूप बदलता येईल, दर दहाव्या जॉबची वेळ मात्र बदलणार नाही.