चार सायकलींच्या जागी एक घेताना आधी मागच्या गिअरच्या हँगरची चौकशी करा

दारव्हा तालुक्यातून आपण विचारले आहे की, वडिलांची काळी सायकल, गिअरची एमटीबी (डोंगरी सायकल), रोड बाईक आणि मुलाची हायब्रीड (या दोन्हींच्या मधली) या चारही काढून टाकून वावर, तालुक्याचे गाव आणि अधूनमधून चिखलदरा एवढ्या सगळ्यांसाठी एकच सायकल कोणती घ्यावी. मीही असेच घर रिकामे केले होते, म्हणून लिहितो. मात्र मी मेकॅनिक नाही, आणि आपल्या गुडघ्यांची मला कल्पना नाही.

फ्रेमचे माप वगैरे आपल्याला ठाऊक असेलच. सस्पेन्शन नसलेला फोर्क (पुढचे चाक धरणारा दुभागी दांडा), ४० मिलिमीटरचे टायर मडगार्डसह बसतील एवढी जागा आणि केबलवर चालणारे डिस्क ब्रेक असावेत, असे माझे मत आहे. पावसाळ्यात पांदणीतली काळी माती फोर्क आणि टायर यांच्यामध्ये भरून चाकच थांबवते. तेथे मोकळी जागा कामी येते, सस्पेन्शन नाही.

मला महाग पडला तो मागचा हँगर. मागचे डिरेल्युर, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारी यंत्रणा, ज्या लहानशा ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर टांगलेले असते, तो मुद्दाम कमजोर ठेवतात, म्हणजे धक्का बसल्यास तो वाकतो आणि फ्रेम वाचते. व्यवस्था उत्तम आहे, पण त्याचा आकार मॉडेलागणिक वेगळा असतो. पऱ्हाटीचे वाळलेले झाड मागच्या चाकात अडकून माझा हँगर तुटला. शहरातील ज्या अधिकृत सेवा केंद्राकडे मी गेलो, त्यांनी आधी बिल मागितले, मग फ्रेमचा क्रमांक मागितला, मग ‘वरून माल आलेला नाही’ असे सांगितले, आणि अखेरीस ते मॉडेल बंद झाल्याने पूर्ण फ्रेम बदलण्याचा सल्ला दिला. तळहातावर मावणाऱ्या तुकड्यासाठी फ्रेम! तोवर पावसाळा संपला होता आणि बाकीच्या सायकली विकून झाल्या होत्या. गावातील मिस्त्रीने डिरेल्युर काढून, साखळी आखूड करून सायकल एकाच गिअरवर चालती केली, म्हणून निदान बाजाराची कामे झाली. त्यामुळे पैसे देण्यापूर्वी दोन जादा हँगर मागावेत आणि दुकानदाराने ‘नंतर मिळतील’ म्हटले, तर ती सायकल तेथेच सोडावी.

टायरच्या बाबतीतही तीच गत आहे. गावातील दुकानात टांगलेला काळ्या सायकलचा २८ × १½ इंची टायर ६३५ मिलिमीटरच्या रिमचा असतो, तर रोड बाईक आणि हायब्रीडच्या ७००सी मापाच्या चाकाची रिम ६२२ मिलिमीटरची असते. दोन्हींना ‘अठ्ठावीस’ म्हणणारे भेटतील, पण एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. ट्यूब मात्र अडीअडचणीला चालून जाते. बाभूळ आणि सराट्यांमुळे ट्यूबलेसचा मोह होईल, परंतु आपल्याकडच्या उन्हाळ्यात आतले सीलंट (छिद्र बुजवणारे द्रव) लवकर सुकते, म्हणून मी ट्यूब आणि टायरच्या आत जाड पट्टी हेच पसंत करतो.

परतवाड्याकडून चिखलदरा चढताना पुढे ३० आणि मागे ३४ दात्यांच्या चक्रांची जोडी असल्यास सामानासह बसून चढता येते. अकरा किंवा बारा गिअरांच्या मागे लागू नये. आठ गिअरांची साखळी आणि कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) स्वस्त असते व जिल्ह्याच्या ठिकाणी सहसा मिळते.

विकायला सुरुवात रोड बाईकपासून करावी. काळ्या सायकलीला हँगरच नसतो. नवीन सायकलीचा एक पावसाळा निघेपर्यंत काळी सायकल विकू नये, असे मी आग्रहाने सांगेन.