डिझेल फिल्टर घरी बदलल्यानंतर

प्रश्न : माझ्या डिझेल गाडीचा इंधन फिल्टर मी घरीच बदलला. आता स्टार्टर फिरतो, पण इंजिन सुरू होत नाही. काय चुकले असावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : बहुधा इंधनाच्या नळीत हवा अडकली आहे. फिल्टरजवळ रबरी हातपंप असल्यास तो कडक लागेपर्यंत दाबत राहावा. हवा सोडण्याचा स्क्रू असेल, तर तो किंचित सैल करून बुडबुडे थांबताच आवळावा. तोवर स्टार्टर सलग फिरवू नये. बॅटरी उतरते, शिवाय डिझेलवरच ज्याचे वंगण होते असा उच्चदाब पंप कोरडा फिरून झिजतो, आणि ती दुरुस्ती फिल्टरच्या किमतीच्या कितीतरी पट महाग पडते. तरीही इंजिन सुरू न झाल्यास फिल्टरवरील बाण इंजिनाकडे आहे ना आणि जुन्या रबरी रिंगवरच नवी बसली नाही ना, हे पाहावे. नवा फिल्टर कॅनमधल्या डिझेलने भरून बसवण्याची जुनी रीत कॉमन रेल इंजिनाला (ज्यात एकाच सामायिक उच्चदाब नळीतून सर्व सिलिंडरांना डिझेल मिळते) मानवत नाही, कारण न गाळलेले डिझेल थेट इंजेक्टरपर्यंत, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागापर्यंत, पोहोचू शकते. इंजेक्टरकडे जाणाऱ्या धातूच्या नळ्यांचे नट मात्र घरी सैल करू नयेत. इंजिन फिरताना तेथील दाब 1,000 बारच्याही (हवेच्या दाबाच्या सुमारे हजार पटीच्याही) वर जातो आणि सैल नटातून उडणारी डिझेलची बारीक धार कातडीत शिरते.